बांधावरचे जेवण आणि मेक्सिकोचा डबा

भगिनींनो, सकाळी घरातील सगळ्यांचे डबे भरून झाले की तुमच्या स्वतःच्या फडक्यात काय बांधले जाते, हा प्रश्न मी आजवर शेकडो जणींना विचारला असेल. उत्तर बहुधा हसून मिळते. "काय असणार बाई, भाकरी नि खरडा." कांदा असला तर कांदा, आदल्या रात्रीचे कोरड्यास उरले असले तर तेही. ओतूरला हेच, मंचरला हेच. घोडेगावच्या वर डिंभ्याकडे गेले की बाजरीच्या जागी नाचणी किंवा तांदळाची भाकरी येते, एवढाच काय तो फरक.

माझी नोकरी पंचायत समितीत, कृषी विस्ताराची. बियाणे, खते, कीडरोग, अनुदानाचे अर्ज ही माझी कामे. कोणी काय खावे हे सांगण्याचे काम सरकारने माझ्याकडे दिलेले नाही. पण टोमॅटोच्या प्लॉटवर पाहणीला गेले आणि दुपारचे साडेबारा झाले की बायका बांधावर बसवतात, "दोन घास खा" म्हणतात, आणि ताट समोर आले की डोळे मिटून घेता येत नाहीत. नारायणगावच्या बाजाराला रोज गाड्या भरून टोमॅटो पाठवणाऱ्या वावरात, तोच टोमॅटो तोडणाऱ्या बाईच्या भाकरीवर टोमॅटोची एक फोड नसते, हे मी किती वेळा पाहिले त्याची गणती नाही.

आज तुम्हाला ज्या डब्याविषयी सांगायचे आहे, तो मात्र फार लांबचा आहे. माझी भाची कॅलिफोर्नियात नोकरी करते. मागच्या दिवाळीला ती आली, तेव्हा आम्ही सगळ्या जावा-नणंदा अंगणात शेंगा फोडत बसलो होतो आणि बोलता बोलता तिच्या दुपारच्या जेवणाचा विषय निघाला. ती म्हणाली, "मावशी, मी डबा करतच नाही. दुकानातून गोठवलेले मेक्सिकन जेवण आणते, फ्रीजमध्ये ठेवते, दुपारी यंत्रात पाच मिनिटे गरम केले की झाले." तिला दूध पचत नाही, म्हणून ती दूध, तूप, चीज यांतले काहीच नसलेला डबा घेते. अशा जेवणाला तिकडे 'व्हीगन' म्हणतात. मांस, मासे, अंडी तर नाहीतच, पण जनावरापासून आलेले काहीही नाही. एका डब्याला चार-पाच डॉलर पडतात आणि बाहेर जेवायला गेले तर त्याच्या तिप्पट. म्हणून नोकरी करणाऱ्यांचे, विद्यार्थ्यांचे हे रोजचे स्वस्त जेवण.

मी विचारले, त्यात असते तरी काय? तिने बोटावर मोजून सांगितले. घेवडा, भात, मक्याची पातळ भाकरी, टोमॅटो, मिरची, कांदा, लसूण, जिरे आणि थोडे तेल. माझी मोठी जाऊ शेंग फोडता फोडता थांबली नि म्हणाली, "अगं, हे तर समदं आपल्याच वावरातलं हाय की!"

जाऊबाईंचे बोलणे तंतोतंत खरे होते.

मेक्सिको हे नाव आपल्याकडच्या जुन्या शेतकऱ्यांना परके नाही. १९६६ साली आपल्या देशाने तिकडून अठरा हजार टन गव्हाचे बियाणे आणले होते, आणि 'मेक्सिकन गहू' हा शब्द तेव्हापासून आपल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी बसला. पण त्याच्या कितीतरी आधी, पोर्तुगीजांच्या गलबतांतून, तिकडची पिके आपल्या किनाऱ्यावर उतरली होती. मका तिकडचा. मिरची तिकडची. टोमॅटोचे तर नावच तिकडच्या जुन्या नाहुआत्ल भाषेतले. राजमा, श्रावणघेवडा, लाल भोपळा, पेरू, पपई हीदेखील त्याच बाजूची. बटाटा आणि भुईमूग त्याहून दक्षिणेकडचे. म्हणजे सातगाव पठारावरचा बटाटा, नारायणगावचा टोमॅटो, मंचरच्या बाजारातली फरसबी आणि पुण्या-मुंबईला जाणारी मक्याची कणसे अशी आपल्या जुन्नर-आंबेगावची निम्मी बाजारपेठ त्या अमेरिका खंडातून आलेली आहे. आपण ती पिके घेतली, उत्तम पिकवली, आणि जवळजवळ सगळी विकून टाकतो. तिकडचा शेतकरी ती एकत्र शिजवून खातो, ती रीत तेवढी इकडे आली नाही.

तिकडची शेतीही आपल्याला ओळखीची वाटावी अशी आहे. मक्याच्या धाटावर घेवड्याचा वेल चढवायचा आणि खाली भोपळा पसरू द्यायचा, अशा तीन पिकांच्या शेताला ते 'मिल्पा' म्हणतात. आपले आजोबा बाजरीत तूर, मटकी, हुलगा टाकीत, त्यातलाच हा प्रकार. धान्य आणि कडधान्य एका वावरात आले की एका ताटातही येते, असा तो हिशेब होता. आपल्याकडे कालवा आला, ऊस आला, टोमॅटो आला, हातात पैसा आला, आणि बाजरीबरोबर तिच्या पाटातली मटकीही गेली. मी पैशाच्या पिकाच्या विरुद्ध नाही. माझी निम्मी नोकरी ती पिके वाढवण्यात गेली. परंतु कडधान्य वावरातून गेले तेव्हा ते बांधावरच्या फडक्यातूनही गेले, ही गोष्ट कोणाच्या ध्यानात आली नाही.

आता दुधाचे पाहा. मेक्सिकोत स्पॅनिश लोक सोळाव्या शतकात गेले, तेव्हा त्यांनी गाई नेल्या. त्यापूर्वी तिथे दुभते जनावरच नव्हते. मका, घेवडा, मिरची, टोमॅटो, भोपळ्याच्या बिया यांवर तिकडची कष्टकरी माणसे पिढ्यान्‌पिढ्या राबली. शिकार, मासे असत, पण रोजच्या पोटाला आधार मका-घेवड्याचा. तेव्हा दुधावाचूनचे मेक्सिकन जेवण ही काही शहरी लोकांची नवी टूम नाही, ते तिकडचे मूळचेच आहे. आणि आपल्याकडे? गोठ्यात दोन संकरित गाई असलेल्या घरची बाईसुद्धा दुपारी दुधातुपावाचूनच जेवते, कारण पहाटेचे दूध किटलीत भरून डेअरीवर गेलेले असते. चहापुरते मागे ठेवतात. तिने काही व्रत घेतलेले नाही. पगाराची तारीख जशी नोकरदाराला, तसा दुधाचा पगार तिला घर चालवायला लागतो. तेव्हा बिनदुधाचे, बिनमांसाचे, झटपट आणि स्वस्त, असे भाचीच्या डब्याचे जे चार गुण, ते आपल्या भाकरी-खरड्यातही आहेतच. उणीव एकाच गोष्टीची आहे आणि ती घेवड्याची.

ही उणीव किती महागात पडते ते सांगते. तीन वर्षांपूर्वी मार्च महिन्यात एका गावी टोमॅटोची बांधणी चालू होती. चाळिशीतली एक बाई सुतळी हातात घेऊन उभी होती, ती तशीच खाली बसली. भोवळ आली. इतर बायका म्हणाल्या, ऊन लागले. आम्ही तिला माझ्या गाडीतून ग्रामीण रुग्णालयात नेले. रक्त तपासले तर हिमोग्लोबिन सातच्या आसपास. निरोगी बाईचे ते बारा तरी असावे लागते. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि विचारले, "मावशी, खाता काय?" ती म्हणाली, "समदं खाते की." मग एकेक विचारत गेले तेव्हा कळले, की पहाटे पाचला उठून तिने सात माणसांच्या भाकरी केल्या होत्या, दोन पोरांचे शाळेचे डबे भरले होते, नवऱ्याला नि सासऱ्याला न्याहारी दिली होती. आणि स्वतः? "घरच्यांचं भरता भरता उरंल ते." त्या दिवशी एक भाकरी उरली होती.

ही एकटीची कहाणी असती तर मी लेख लिहिला नसता. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, आपल्या राज्यातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या बायकांपैकी निम्म्याहून अधिक रक्तक्षयाच्या निघाल्या. एवढे रक्त कमी झाल्यावर नुसत्या जेवणाने ते भरून निघत नाही, गोळ्या घ्याव्याच लागतात, हे मी आधीच सांगून ठेवते. नाहीतर माझा लेख वाचून कोणी गोळ्या बंद करायची. पण गोळ्या संपल्या की पुन्हा तेच होऊ नये, याची सोय ताटातच करावी लागते.

घेवडा काय करतो, ते पाहू. मका, ज्वारी, गहू, तांदूळ या धान्यांतल्या प्रथिनांत लायसिन नावाचा एक घटक कमी पडतो. तो कडधान्यांत भरपूर असतो. उलट कडधान्यांत मेथिओनिन कमी, ते धान्य पुरवते. बैलजोडीतला एक बैल चढाला नेटाचा नि दुसरा उताराला, तसे हे आहे. जोडी जुंपली की गाडी चालते. शंभर ग्रॅम सुक्या घेवड्यात सुमारे वीस ग्रॅम प्रथिने असतात, आणि लोहही चांगले असते. मात्र वनस्पतीतले लोह शरीर सहजी घेत नाही. त्याला आंबटाची, म्हणजे क जीवनसत्त्वाची जोड लागते. मेक्सिकोचा माणूस घेवड्याबरोबर टोमॅटो, मिरची आणि वर लिंबू पिळून खातो, त्याने नकळत हीच सोय केलेली आहे. आपण काय करतो, तर जेवण झाल्याबरोबर कपभर चहा. चहा त्या लोहाला अडवून ठेवतो. बांधावर चहाची किटली आली की मला "नको" म्हणवत नाही. पण निदान तासभर मागेपुढे करा, इतके सांगते. त्यावर एका म्हातारीने मला सुनावले होते, "मग तासभर कंबर कशाच्या जोरावर वाकवायची?" याला माझ्यापाशी उत्तर नव्हते.

मक्याच्या बाबतीत तिकडच्या बायकांची आणखी एक युक्ती आहे, ती शास्त्रज्ञांना फार उशिरा उमगली. त्या मका तसाच दळीत नाहीत. चुन्याच्या पाण्यात उकळतात, रात्रभर त्याच पाण्यात ठेवतात, सकाळी चोळून साल काढतात, स्वच्छ धुतात आणि ओलाच पाट्यावर वाटतात. त्यांचा तीन पायांचा दगडी पाटा आपल्या पाट्याचा सख्खा भाऊ शोभावा असा असतो. या चुन्यामुळे मक्यातले नियासिन हे जीवनसत्त्व मोकळे होऊन अंगी लागते, कॅल्शियम वाढते आणि पिठाला चिकटपणा येतो. युरोपियनांनी मका नेला पण चुना नेला नाही. पुढे इटली, स्पेन आणि अमेरिकेच्या दक्षिण भागात, मक्यावरच जगणाऱ्या गरिबांत पेलाग्रा नावाचा रोग पसरला. कातडी काळवंडते, जुलाब लागतात, शेवटी माणूस भ्रमिष्ट होतो. हा रोग जंतूंचा नसून अपुऱ्या अन्नाचा आहे, हे डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांनी १९१४ नंतरच्या वर्षांत अमेरिकेत दाखवून दिले. आपल्या दख्खनमध्येही नुसत्या ज्वारीवर राहणाऱ्या मजुरांत हा रोग आढळे, हैदराबादला डॉ. सी. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या सुमारास त्याचा अभ्यास केला.

घरी करून पाहायचे असेल तर एक किलो मक्याला तीन लिटर पाणी आणि दहा ग्रॅम, म्हणजे दोन लहान चमचे, खाण्याचा चुना घ्यावा. भिंतीला लावायचा चुना मुळीच नको. अर्धा-पाऊण तास उकळून रात्रभर ठेवावे. ॲल्युमिनियमचे भांडे वापरू नये, स्टीलचे घ्यावे. सकाळी तीन-चार पाण्यांनी धुऊन मिक्सरमधून घट्ट वाटले की भाकरी थापता येते. तिला बाजरीची सर नाही, हे माझे प्रामाणिक मत. पण मुले आवडीने खातात. कोंबडीखाद्यासाठी भरून ठेवलेला, बुरशीचा वास येणारा मका मात्र माणसाच्या पोटात जाऊ देऊ नका. ती बुरशी विषारी असते आणि भाजल्या-शिजवल्याने ते विष जात नाही.

आणि बाजरी हाताशी असेल तर मक्याच्या मागे लागण्याचे कारणच नाही. बाजरीत मक्यापेक्षा लोह कितीतरी अधिक. २०१२ साली आपल्या राज्यात 'धनशक्ती' ही मुद्दाम लोह वाढवलेली बाजरी प्रसारित झाली. मेक्सिकोची भाकरी आणण्यापेक्षा मेक्सिकोची जोडी आणावी आणि भाकरी आपलीच ठेवावी, हे मला अधिक पटते.

मेक्सिकोचा विषय निघालाच आहे, तर एका मराठी माणसाचे नाव घेतल्यावाचून पुढे जाववत नाही. डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे, वर्ध्याचे, जन्म १८८४. इंग्रजांविरुद्ध लढण्यासाठी देश सोडला, अमेरिकेत शेतीशास्त्र शिकले, गदर चळवळीत पडले, आणि मायदेशी परतायची वाट बंद झाल्यामुळे १९२४ मध्ये मेक्सिकोला गेले. तिथे चापिंगो येथील राष्ट्रीय कृषी विद्यालयात प्राध्यापक झाले. मक्याच्या नव्या जातींवर त्यांनी काम केले. मला त्याहून मोठी वाटते ती त्यांची दुसरी कामगिरी. शेतकऱ्यांसाठी त्यांनी 'मुक्त कृषिशाळा' काढल्या. शेतकऱ्याने विद्यालयात यावे अशी वाट न पाहता विद्यालयाने गावात जायचे. आम्ही विस्ताराचे लोक आज जे करू पाहतो, ते हा वऱ्हाडाकडचा माणूस शंभर वर्षांपूर्वी मेक्सिकोच्या खेड्यांत करीत होता. तिकडचे थोर चित्रकार दिएगो रिव्हेरा यांनी आपल्या भित्तिचित्रात त्यांना स्थान दिले. स्वातंत्र्यानंतर ते परत आले आणि १९६७ साली नागपूरला वारले. २०२२ मध्ये चापिंगोला त्यांचा पुतळा बसवला गेला. पुण्याच्या कृषी महाविद्यालयात मी चार वर्षे शिकले, पण त्यांचे नाव मला नोकरीत लागल्यावर एका जुन्या मासिकात प्रथम दिसले. घरात शेतीचे शिक्षण घेणारा मुलगा-मुलगी असेल तर त्यांना हे नाव जरूर सांगा.

असो. पुन्हा डब्याकडे येऊ.

भाचीच्या डब्याची खरी मेख पदार्थांत नसून वेळेत आहे. तसा डबा विकणारी 'एमीज किचन' म्हणून कॅलिफोर्नियातली एक कंपनी आहे. १९८७ साली एका नवरा-बायकोने ती सुरू केली आणि आपल्या नवजात मुलीचे नाव तिला दिले. बायको बाळंतपणामुळे अंथरुणावर, नवरा दुकानात तयार शाकाहारी जेवण शोधू लागला, ते धड मिळेना, म्हणून दोघांनी स्वतःच धंदा काढला, अशी त्याची हकीकत सांगतात. घरची बाई चुलीपाशी उभी राहू शकत नाही तेव्हा घर काय खाणार, हा प्रश्न तिकडेही होताच.

गोठवण्याचे शास्त्र साधे आहे. अन्न हळूहळू गोठले तर त्यातल्या पाण्याचे मोठे स्फटिक होतात, ते पेशी फोडतात आणि वितळल्यावर पदार्थ पाणचट होतो. झटकन गोठवले तर स्फटिक बारीक राहतात आणि चव टिकते. क्लॅरेन्स बर्ड्सआय नावाच्या माणसाने लॅब्राडॉरच्या हिमप्रदेशात तिथल्या लोकांना मासे गोठवताना पाहिले आणि १९२० च्या दशकात त्याचा कारखाना काढला. असे अन्न उणे अठरा अंशांवर महिनोन्‌महिने टिकते. पण आपल्या घरातल्या एकदारी फ्रीजचा बर्फाचा कप्पा तितका थंड होईलच असे नाही, त्यात वीज जाते. म्हणून कारखान्याची बरोबरी करू नका. चार ते पाच दिवसांची सोय एवढेच त्याच्याकडून मागावे.

मी स्वतः कसे करते ते सांगते. रविवारी रात्री अर्धा किलो राजमा भिजत घालते. सकाळी ते पाणी फेकून देते. नव्या पाण्यात, झाकण न लावता, दहा मिनिटे खळखळ उकळते आणि मग कुकरला पाच-सहा शिट्ट्या. हे उकळणे टाळू नका. कच्च्या वा अर्धवट शिजलेल्या राजम्यात एक विषारी घटक असतो, त्याने उलट्या-जुलाब होतात. बोटाने दाबला की लोणी व्हावा इतका तो शिजला पाहिजे. कढईत दोन पळ्या तेल, जिरे, लसूण, कांदा, पाच-सहा टोमॅटो, लाल मिरची. टोमॅटो आटला की राजमा घालून निम्मा पळीने घोटते, म्हणजे रस्सा दाट होतो आणि भाकरीवर घेऊन खाता येतो. लाल भोपळ्याच्या बिया उकिरड्यावर टाकू नका; वाळवून, भाजून, जाडसर कुटून वर भुरभुरल्या तर शेंगदाण्याच्या कुटाहून चव वेगळी लागते. मेक्सिकोत या बियांचे वाटण फार मानाचे.

हे कालवण परातीत पसरून लवकर गार करायचे. दोन तासांहून अधिक बाहेर ठेवू नये. मग एकेका जेवणापुरते लहान डब्यांत भरायचे, डबा काठोकाठ भरू नये, कारण गोठताना पदार्थ फुगतो. दोन दिवसांचे खालच्या कप्प्यात, बाकीचे बर्फाच्या कप्प्यात. सकाळी चहाचे आधण उतरले की त्याच शेगडीवर एक डबा उलटायचा, चांगली उकळी आणायची, गरम भाकरीबरोबर बांधायचा. सात मिनिटे लागतात, घड्याळ लावून पाहिले आहे. गोठलेलाच डबा वावरात नेऊन दुपारी उन्हात वितळवून खाण्याची आयडिया एका मुलीने काढली होती. ती मी मोडून काढली, कारण तेवढ्या वेळात ते आंबते. एकदा वितळलेले पुन्हा गोठवायचेही नाही. रात्रभर वीज नसेल आणि कप्प्यातला डबा मऊ पडला असेल, तर त्याच सकाळी उकळून संपवावा. बटाटा त्यात घालू नका, गोठल्यावर तो स्पंजासारखा होतो. सातगाव पठारावरच्या मंडळींनी माझ्यावर रागावू नये.

खर्च? मी आणते त्या भावाने अर्धा किलो राजमा, कांदा-टोमॅटो, तेल, गॅस धरून दहा माणसांचे कालवण दीडशे रुपयांच्या आत होते. म्हणजे माणशी पंधरा रुपये. स्टँडवर एक वडापाव खाऊन तेवढेच जातात आणि चार वाजता पुन्हा पोट रिकामे. टोमॅटोचा भाव मात्र धरवत नाही. २०२३ च्या जुलैत नारायणगावला वीस किलोचे क्रेट दोन हजारांच्या वर गेले होते, तेव्हा आमच्याही घरी टोमॅटोऐवजी चिंच पडत होती. आणि तोडणीची मजुरी निघत नाही म्हणून शेतातच लाल चिखल झालेलाही आपण पाहिलेला आहे. अशा दिवसांत दोन क्रेट शिजवून, गाळून, आटवून लहान डब्यांत गोठवले तर पुढचे काही दिवस चिरण्या-भाजण्याचे काम वाचते.

राजमाच हवा असे नाही. मटकी, हुलगा, चवळी, वाल, पावटा, जे घरचे असेल ते. सगळ्यांचा गुण एकच. फक्त शिजायला वेळ लागतो म्हणून ती रोजच्या सकाळी होत नाहीत, आणि म्हणूनच एकदा शिजवून ठेवायची. ज्यांच्याकडे दूध-दही जेवणात मुळीच नाही, त्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. बी-१२ हे जीवनसत्त्व कडधान्यांतून मिळत नाही. निदान घरच्या दुधातले वाटीभर दही घरच्या बाईसाठी मागे ठेवावे. डेअरीच्या मापात वाटीभराने फार फरक पडत नाही.

त्या भोवळ आलेल्या बाईच्या वस्तीवर बचत गटाच्या बायकांनी हे वर्षभर चालवून पाहिले. सात जणी, त्यांपैकी तिघींकडे फ्रीज. सोमवारी नि गुरुवारी एका घरी मोठा कुकर लागतो, पाळीपाळीने. सगळेच सुरळीत चालले असे नाही. एका घरी सासूबाईंनी "शिळं खायला घालतीस व्हय?" म्हणून डबेच बाहेर काढून ठेवले. मी त्यांना भेटले. लोणचे वर्षाचे, पापड वर्षाचे, सांडगे वर्षाचे, ते शिळे नाहीत का, असे विचारल्यावर त्या हसल्या. पण पटले म्हणाल्या नाहीत. दुसरीकडे नवऱ्याला ते कालवण इतके आवडले, की बाईचा डबाही तोच घेऊन जाऊ लागला! मग गटाने ठराव केला. सकाळी उकळी आली की आधी आपला डबा भरायचा, मग घरच्यांचा. बिबट्याच्या भीतीने उसाच्या कडेने अंधारात कोणी येत नाही, सगळ्या उजेडी घरी परततात, त्यामुळे संध्याकाळचा स्वयंपाक घाईचा होतो. तेव्हाही हे डबे उपयोगी पडू लागले, हे मी योजलेले नव्हते, त्यांनीच शोधून काढले.

आता गटाचे म्हणणे असे, की राजमा विकत कशाला आणायचा. ते रास्त आहे. 'वरुण' ही राजम्याची जात आपल्याकडे येते, सत्तर-पंचाहत्तर दिवसांत हाती लागते. जूनच्या अखेरीस, वाफसा आल्यावर, टोमॅटोच्या प्लॉटला लागून चार-पाच गुंठ्यांत टोकली तरी एका घराची वर्षाची बेगमी होते. निचऱ्याची जमीन पाहिजे, पाणी साचले की मूळ कुजते. एक लक्षात ठेवा, इतर कडधान्यांसारख्या गाठी या पिकाच्या मुळांवर नीट धरत नाहीत, म्हणून त्याला नत्राची मात्रा द्यावी लागते. कडधान्य आहे म्हणून खत टाळले तर पीक पिवळे पडते. येत्या खरिपात त्या सातही जणी पेरणार आहेत. भोवळ आलेल्या बाईने पाच गुंठे राखून ठेवले आहेत. तिचा नवरा परवा मला विचारत होता, याला बाजारात भाव काय मिळेल? ती मागून म्हणाली, "ते इकायचं न्हाय."